झोपेमागे ऐंशी रुपये

मजुरीची बोलणी कशी करावी, हे हितेंद्रला कोणी शिकवायची गरज नव्हती. निदान त्याचं स्वतःचं मत तसंच होतं! त्याचे वडील मोतीलाल आबा चाळीस वर्षं एरंडोलला कापूस पिकवत आले. वेचणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून ते पन्नास बायांचा हिशोब तोंडी करायचे. तेच रक्त आपल्या अंगात आहे, असं हितेंद्र येता-जाता सांगायचा. तो स्वतः जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी कूलरसमोर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम लॅपटॉपवर करायचा. कापसाचं बोंड त्याने शेवटचं हातात धरलं ते दहावीच्या सुट्टीत. पण रक्त ते रक्त!

म्हणून मार्चअखेर ताईबाईंनी पगार वाढवून मागितला, तेव्हा त्याला आनंदच झाला. ताईबाई म्हणजे त्यांच्या दीड वर्षाच्या चिकूला सांभाळणाऱ्या बाई. पंचावन्नच्या घरातल्या, ठेंगण्या, आणि तीस वर्षं कापूस वेचून बोटं काळवंडलेल्या. त्यांच्या आधीची पहिली बाई आठ दिवसांत पळाली. दुसरी तर जेवायला घरी जाऊन येते म्हणाली, ती अजून जेवतेच आहे! ताईबाई मात्र पाच महिने टिकल्या होत्या, आणि म्हणूनच त्याच्या बायकोला, नूतनला, पतसंस्थेतली शाखाधिकाऱ्याची खुर्ची घेता आली होती.

"सहा हजार मिळतस. पाचशे वाढाडा भाऊ," ताईबाई म्हणाल्या. "महागाई दखा."

"देऊन टाका हो," नूतन म्हणाली. "त्या गेल्या तर मला नोकरी सोडून घरी बसावं लागेल. मग बघा!"

"तू मध्ये पडू नकोस. मी तीन मिनिटांत मिटवतो!"

हितेंद्रने खुर्ची पुढे ओढली. "अक्का, तुम्ही कापूस रोजाने वेचायच्या की किलोने?"

"किलोवर. रोजनं कोन येचस?"

"बरोब्बर! मग इथेही तसंच. महिन्याचा पगार बंद. चिकूचं खाणं-पिणं, धुणं सगळं धरून एका झोपेमागे ऐंशी रुपये!"

त्याने मनातल्या मनात हिशोब केला होता. चिकू दिवसातून जेमतेम दोनदा झोपतो. सव्वीस दिवसांच्या बावन्न झोपा म्हणजे चार हजार एकशे साठ. वाढ तर राहिलीच, उलट अठराशे चाळीस रुपये वाचले! आबांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

ताईबाईंनी जरा विचार केला. "मी जितल्या झोपा लावसू, तितला पैसा देशात ना भाऊ?"

"बिनधास्त!"

"मंग माले चालस."

एप्रिल लागला. जळगावचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. दहा वाजताच रस्ता ओस पडायचा, खिडक्या बंद व्हायच्या, आणि घरात कूलरचा घुंईऽऽ असा एकच आवाज उरायचा. ओल्या वाळ्याचा वास पसरायचा. हॉलच्या कोपऱ्यात साडीची झोळी हलायला लागायची आणि ताईबाई बारीक आवाजात अहिराणी अंगाई सुरू करायच्या, जिच्यात 'जप' म्हणजे झोप,

"जप रे राज्या, वारा जपना,
केळना बागमा पाटनं पानी जपनं..."

हितेंद्र लॅपटॉपसमोर ताठ बसलेला असायचा. दिवसा झोपणाऱ्या माणसांचा त्याला मनापासून तिटकारा होता. तो फक्त, कामाचा नीट विचार करता यावा म्हणून, क्षणभर डोळे मिटायचा. त्या क्षणात पडद्यावरच्या आकड्यांना पांढरी बोंडं फुटायची. मग केळीच्या बागेतली हिरवी सावली यायची, आणि पाटाच्या थंड पाण्यात पाय सोडून तो बसायचा. पुण्याच्या साहेबांच्या डोक्यावर केळीचा घड असायचा, आणि तो सुद्धा काही विचित्र वाटायचा नाही. कोणी काही मागत नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून इतकं निवांत त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणातून बाहेर आल्यावर तो चहा मागवायचा आणि नव्या जोमाने कामाला लागायचा. याला तो चिंतन म्हणत असे.

चिंतनाचा परिणामही दिसत होता! 'हल्ली तू विचारात असतोस, घाईने बोलत नाहीस,' असा साहेबांचा कौतुकाचा मेसेज आला. त्याने तो नूतनला दोनदा वाचून दाखवला.

मग आली तीस तारीख. ताईबाईंनी त्याला आणि नूतनला स्वयंपाकघराच्या दारामागे नेलं. तिथे रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या मांडलेल्या. गेरूच्या लाल एक्कावन्न, आणि शेजारी खडूच्या पांढऱ्या चव्वेचाळीस. एकूण पंचाण्णव!

"सात हजार सहाशे व्हतस भाऊ."

"सात हजार...? अहो, चिकू काय कोंबडा आहे का उठून उठून झोपायला?"

"चिकून्या लाल शेतस. एक्कावन."

"आणि या पांढऱ्या कोणाच्या?"

ताईबाईंनी नूतनकडे पाहिलं. मग हितेंद्रकडे. मग पदर तोंडाशी धरून खाली बघत म्हणाल्या, "ते माले इचारू नका भाऊ. बरं नई दिसस."

झालं! हितेंद्रच्या अंगातलं रक्त उसळलं. बाई उत्तर देत नाही म्हणजे पाणी मुरतंय! त्याच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. नूतन कामावर गेली की गल्लीतलं एकेक पोर मागच्या दाराने आत येतंय, आपल्या कूलरची हवा खातंय, आपल्या झोळीत झोपतंय, आणि पैसे मात्र आपल्याच नावावर!

"अक्का, माझ्या घरात पाळणाघर चालवता?" तो ओरडला. "हा तर गठोड्यात दगड घालून वजन वाढवायचा प्रकार झाला!"

ताईबाईंचा चेहरा उतरला. कापूस वेचणाऱ्या बाईला याच्याइतकी वाईट शिवी नाही.

"तीस वरीस कापूस येचा मी," त्या म्हणाल्या. "गठोडामा कधी खडा नई घाला. पैसा ऱ्हाऊ द्या तुम्हना!" पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

झोळीतल्या चिकूने भोकाड पसरलं. नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोमवारी शाखेत तपासणी आहे माझ्या. आता काय करू? चिकूला तिजोरीत ठेवू?"

हितेंद्रने रात्रभर चिकूला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. गाणंही म्हणून बघितलं. चिकू अधिकच जागा झाला! सकाळी सहाला त्याने हार मानून आबांना फोन लावला. मजुरीचा तंटा आहे म्हटल्यावर आबा ऊन चढायच्या आत एरंडोलहून पहिल्या गाडीने हजर. तिकडे नूतन ताईबाईंच्या घरी गेली, हातापाया पडली आणि त्यांना घेऊन आली.

बैठक हॉलमध्ये बसली. आबा खाटेवर, ताईबाई झोळीपाशी, नूतन दाराशी. हितेंद्रने उभं राहून बाजू मांडली.

"काय रे हितू," आबांनी विचारलं, "तू दिवसभर घरमाच ऱ्हास ना?"

"दहा ते सहा. याच खुर्चीत!"

"मंग बाहेरलं पोर येतांना तुले दिसनं का कधी?"

"एकदाही नाही. तेच तर म्हणतो, किती सफाईने आणत असतील!"

"तुना डोया उघडा व्हतात ना?"

"टक्क!"

ताईबाईंना राहवलं नाही. त्या खुदकन हसल्या आणि मग हात जोडून म्हणाल्या, "आबा, आते तुम्हीन इचारं म्हनीसन सांगस. पांढऱ्या रेघा भाऊन्या शेतस."

मग बोटांवर मोजत त्या पुढे सांगू लागल्या.

"मी गानं म्हनस तं चिकूना आधी भाऊच जपी जातस. मंग घोरतस. ते आयकीसन चिकू जागा व्हस. मंग भाऊनी मान उशीवर ठेवो, चादर टाको, आन चिकूले पुन्हा जपाडो. त्या दुसऱ्या झोपना पैसा मी धरा बी नई! पुन्याना साहेबना फोन ऊना, तवय मीच सांगं, भाऊ इचार करी ऱ्हायनात."

नूतनने तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं हितेंद्रला वाटलं, पण तिचे खांदे वेगळ्याच तऱ्हेने हलत होते.

"साफ खोटं!" हितेंद्र म्हणाला. "मी दिवसा डोळा मिटत नाही! ते चिंतन असतं!"

"वादच नको," आबा म्हणाले. "म्हन बाई एकदा. दखू तं खरं."

हितेंद्र खुर्चीत बसला, पाठ ताठ, डोळे विस्फारलेले. आज चव्वेचाळीस रेघा पुसून काढायच्या होत्या. ताईबाईंनी चिकूला मांडीवर घेतलं.

"जप रे राज्या, वारा जपना..."

डोळे सताड उघडे ठेवून हितेंद्र बघत होता. समोर आबा होते. आबांच्या मागे केळीचं पान हललं. हॉलमध्ये केळी कशी, हा मुद्दा त्याने मनात टिपून ठेवला, बैठकीत मांडायला. पाटाचं पाणी खुर्चीच्या पायांशी आलं. बांधावरून आई चालत आली, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन, आणि म्हणाली, पाय आखडून कशाला झोपलास, सरळ कर. त्याने पाय सरळ केले. आई पांघरूण घालायला वाकली. तिला सांगायचं खूप होतं, पण घाई कसलीच नव्हती.

तो जागा झाला तेव्हा अडीच वाजले होते. मानेखाली उशी, अंगावर चादर. शेजारच्या खाटेवर आबा तोंड उघडं टाकून घोरत होते. चिकू झोळीत शांत झोपला होता, आणि नूतन दारात कलिंगड खात उभी होती.

"काय ठरलं?" हितेंद्रने हळूच विचारलं.

"तुमचे सात हजार सहाशे मी देऊन टाकले. माफीही मागितली, तुमच्या वतीने. आबांच्या झोपेचे त्यांनी घेतले नाहीत, पाहुणे म्हणून. आता पुढच्या महिन्यापासून पुन्हा पगारच. साडेआठ हजार."

"साडेआठ? त्या तर साडेसहाच मागत होत्या!"

"साडेसहा चिकूचे. दोन तुमचे."

हितेंद्र उठून बसला. रागाने त्याचे कान लाल झाले. पाच फूट दहा इंचांचा, शिकलेला, कमावता माणूस!

"माझे दोनच?"

"मीसुद्धा तेच विचारलं," नूतन म्हणाली. "तर म्हणाल्या, भाऊंचं काय, त्यांना पहिल्या ओळीतच लागते!"