भिंतीबाबतचा ठराव

सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या खान्देशी मंडळाकडे गेल्या वर्षी एका भिंतीसाठी अर्ज आला. मी मंडळाचा चिटणीस हेमराज. सतरा वर्षं इतिवृत्त लिहितो आहे, पण भिंत मागणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

अर्जदार सरलाबाई. साड्यांच्या घडीकामाला जायच्या. उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक संपले, डॉक्टरांनी "बऱ्या झालात" म्हणून सांगितलं आणि हात मात्र खांद्यापाशी अडकून बसला. तीन महिन्यांत व्यायामाने मोकळा झाला नाही, तर तसाच आखडून राहण्याची भीती होती. व्यायाम साधा. भिंतीला बोटं टेकवायची, हळूहळू वर चालवत न्यायची, पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. चैतालीताई नावाच्या फिजिओथेरपिस्ट दर मंगळवारी तासभर येऊन अशा पाच बायकांना फुकट शिकवायला तयार होत्या. पण बायकांच्या भाड्याच्या खोल्यांत मांडणी, गॅस आणि लेस लावायला आणलेल्या साड्यांचे गठ्ठे. मोकळी भिंत होती ती मंडळाच्या हॉलला.

"आजाराचं नाव लिहू नका," अध्यक्ष बन्सीलालभाऊ मला म्हणाले. "इतिवृत्त घरोघर जातं. लेकीसुना वाचतात."

मी 'नाजूक आजार' असं लिहिलं. विषय नाजूक, म्हणून बायकांना संकोच नको, या विचाराने सात पुरुषांची उपसमिती नेमण्यात आली.

महिन्याभराने उपसमितीने भिंतीची पाहणी केली. भिंतीवर पाच फुटांपासून वर संस्थापकांच्या तसबिरी होत्या. बोटं वर गेली तर थेट त्यांच्या पायांना लागणार. शिवाय पेन्सिलीच्या खुणा. म्हणून, महिलांनी चार फुटांपर्यंतच बरं व्हावं, अशा अर्थाची शिफारस झाली. शब्द अर्थातच जास्त सभ्य होते.

"चार फूट तं मना हात आजबी जास, भाऊ," सरलाबाई म्हणाल्या. "माले त्याना वर न्यावना शे. मनी वेणी दोन महिना व्हयनात, शेजारीण घालस."

"मग अडचण काय?" बन्सीलालभाऊंनी विचारलं. "वेणी तर घातली जातेय."

तसबिरी समोरच्या भिंतीवर हलवाव्यात, असं मी सुचवून पाहिलं. पण दिवंगतांना हलवायचं तर सर्वसाधारण सभा हवी, आणि ती ऑक्टोबरात. तोवर अध्यक्षांना कुठून तरी कळलं की ऑक्टोबर हा याच आजाराच्या जनजागृतीचा महिना असून त्याचा रंग गुलाबी असतो. दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये रंगारी आले. तसबिरी जागच्या जागी ठेवून भोवतीची भिंत गुलाबी झाली. तिच्यासमोर बाक आडवा टाकून पाटी लावली: 'आपल्या भगिनींच्या सन्मानार्थ रंगवलेली भिंत. हात लावू नये.'

त्या पाटीचं अक्षर माझं आहे.

ऑक्टोबरातल्या सभेपुढे ठराव आला तो असा: पाचही भगिनींना 'रणरागिणी' पुरस्कार द्यावा, शाल-श्रीफळ द्यावं, आणि त्यायोगे भिंतीचा अर्ज निकाली काढावा.

"माले शाल नको, भाऊ," सरलाबाई उठून म्हणाल्या. "माले भिंत पाहिजे."

"बोलायचं नाही, ताई. मतदानात दाखवायचं. लोकशाही आहे."

बाजूने विचारलं तेव्हा अठ्ठ्याऐंशी हात सरळ छतापर्यंत गेले. इतके निरोगी खांदे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. मग विरोधात विचारलं. आमच्याकडे सभासद कुटुंबप्रमुखच असतो. बाकीच्या चौघींचे नवरे हयात होते आणि त्यांचे हात आधीच वर जाऊन आले होते. उरल्या विधवा सरलाबाई. त्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्याशी आला आणि थांबला. त्यांनी दात आवळले. हात वर गेला नाही. मग त्यांनी डावा वर केला.

"डावा नको," बन्सीलालभाऊ हळुवारपणे म्हणाले. "सत्काराचा ठराव आहे. शुभ कामात उजवाच धरतात."

डावा हात मी पाहिला होता, खोटं कशाला सांगू? पण इतिवृत्तात डाव्या हाताचा रकाना नाही. मी लिहिलं, 'एकमताने मंजूर.'

सत्कार दणक्यात झाला. पुरस्काराची पाच किलोची ढाल सरलाबाईंना दोन्ही हातांनी धरता येईना, तेव्हा फोटोपुरती ती मी खालून धरली. तीन महिने केव्हाच उलटले होते. घडीकाम सुटलं. वेणी अजून शेजारीणच घालते. ढाल ठेवायला खोलीत जागा नाही, म्हणून ती मंडळाच्या हॉलमध्येच, गुलाबी भिंतीला टेकवून ठेवली आहे.

इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ते सर्वांपुढे वाचावं लागतं. ते आपण आत्ता वाचलंत. आपला उजवा खांदा धड आहे, असं मी धरून चालतो. कोणाचा विरोध असेल तर हात वर करावा.

थांबतो थोडा वेळ.

कोणी नाही? एकमताने मंजूर.