नवाबाची थंडीची झूल

"नवाबाला वीटभट्टीवर कोण नेतो ते बघतोच मी," असं धर्माजीने अख्ख्या काशीदला सांगून ठेवलं होतं. सांगताना तो ओटीवर पाय पसरून बसला होता, कारण त्याचे गुडघे दुखत होते. ते गेली दोन वर्षं दुखत होते. पांजरपोळाचा कारभारी म्हणून मुंबईच्या मंडळींना तो दर दिवाळीला अहवाल धाडी, त्यात दोन ओळी ठरलेल्या असत: 'नवाब घोडा उजव्या पायाने अधू, दहा पावलंही चालवत नाही. कारभाऱ्याचे गुडघे धरलेले, डोंगरावरून गवत आणवत नाही.' त्यामुळे हिवाळ्याच्या गवताचे भारे त्याची बायको ठमाबाई आणी. तिच्या गुडघ्यांची चौकशी कुठल्याही अहवालात नव्हती.

पांजरपोळात टांग्याला जुंपून थकलेले चार घोडे होते. त्यांतल्या नवाबावर धर्माजीचा भारी जीव. आपल्या ताटातली चतकोर भाकरी त्याला भरवल्याशिवाय गड्याला घास उतरत नसे. पण संस्थेचा नियम कडक होता. काम करू शकणारं जनावर पांजरपोळात राहायचं नाही. रोह्याच्या एका वीटभट्टीवाल्याने घोडा मागितला होता, आणि कुठला घोडा चालता आहे ते बघायला संस्थेचे चिटणीस हिरजीभाई गुरुवारी यायचे होते. बसून खाऊन नवाब असा गुबगुबीत झाला होता की त्याच्या पाठीवर पान मांडून दोघांनी जेवावं. पहिल्या नजरेतच हिरजीभाई त्याला भट्टीवर धाडणार, हे उघड होतं.

धर्माजीला वाट दाखवली ती मुंबईच्याच पत्राने. थंडीपूर्वी सगळ्या घोड्यांना झुली घालाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. आता काशीदची थंडी ती केवढी? पहाटे खांद्यावर पंचा टाकला की संपली. पण झूल घातली की नवाबाची पाठ झाकली जाणार होती! ठमाबाईने जुनी लुगडी जोडून तीन झुली शिवल्या आणि चौथीला कापड संपलं.

तेव्हा मदतीला आली खतिजा. तिचा नवरा करमअली हा मुरुडचा टांगेवाला, नवाबाचा जुना मालक. तिने पेटीतून नवाबाचीच जुनी झूल काढून पाठवली. लाल मखमल, जरीची किनार आणि खाली घुंगरांची ओळ. ठमाबाईने ती उलटसुलट करून पाहिली.

"अवो, ही वरातीची झूल हाय. धा वर्सं हीच घालून त्यानं नवरदेव मिरवलेत."

"थंडीला काय ठावं कसली झूल ती?" धर्माजी म्हणाला.

थंडीला ठाऊक नव्हतं, पण नवाबाला होतं. गुरुवारी सकाळी झूल पाठीवर पडली, घुंगरं वाजली आणि त्याने मान कमानीसारखी वळवली. नेमका त्याच वेळी खालच्या आळीत ताशा कडाडला. गावातल्या बाबाजीच्या पोराची, सदूची, वरात निघायची होती. धर्माजीच्या हातात लगाम होता, तो त्याने घट्ट धरला, आणि पुढच्या क्षणी तोही लगामाबरोबर कुंपणाबाहेर पडला.

मांडवापुढे सदू बैलगाडीत चढत होता. नवाब थेट गाडी आणि सदू यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. बाबाजीचे डोळे भरून आले. पांजरपोळाने आपल्या पोरासाठी आहेर म्हणून घोडा पाठवला, असं समजून त्याने धर्माजीला मिठी मारली. मिठीतून सुटून खरं काय ते सांगेपर्यंत सदू घोड्यावर बसला होता आणि कुणीतरी धर्माजीच्या डोक्याला फेटाही गुंडाळला होता.

मग नवाब नाचला. पुढचे दोन्ही पाय उचलून नाचला, ताशाच्या प्रत्येक ठेक्याला नाचला. लगाम सोडावा तर नवरदेव खाली येणार, म्हणून धर्माजीही त्याच्याबरोबर उड्या मारत राहिला. लोकांना वाटलं, कारभारी खुशीत आहे. गावाबाहेरच्या सडकेवर वरातीमागे एक मोटार अडली आणि तिच्यातून हिरजीभाई उतरले.

"धर्माजी, हा आपला नवाब ने?"

"न्हाय शेट," धर्माजी धापा टाकत म्हणाला, "त्याचा भाऊ हाय."

तेवढ्यात वरात बघायला आलेल्या खतिजाने "नवाब, मेरा बच्चा!" म्हणत घोड्याच्या गळ्याला हात घातले. भाऊ तिथेच निकालात निघाला.

नवरीच्या मांडवाशी सदू उतरला आणि हिरजीभाईंनी झूल काढायला लावली. फेटा काढून धर्माजी हात जोडून उभा राहिला.

"शेट, खोटं लिवलं न्हाय. ह्यो खरंच लंगडतो. ह्याला भट्टीवर नका धाडू. पायजे तर मला कुटं बी धाडा."

झूल उतरली. नवाबाने एकदा मागे वळून पाहिलं, मान खाली घातली आणि उजवा पाय उचलून तीन पायांवर उभा राहिला. हिरजीभाईंनी लगाम ओढला, गूळ दाखवला, गोड बोलून पाहिलं. घोडा ढिम्म. पुन्हा झूल घातली, नवाब नाचला. काढली, लंगडला. ताशेवाल्यांनाही मजा वाटायला लागली, पण तिसऱ्या वेळेनंतर हिरजीभाईंनी हात टेकले.

"भट्टीवर रोज वरात कुठून आणायची? घोडा अधूच आहे. राहू दे पांजरपोळात."

धर्माजीला इतका आनंद झाला की त्याने नवाबाच्या मानेत तोंड खुपसलं आणि लाज सोडून रडून घेतलं. रडणं आवरून वळला तर हिरजीभाई चष्मा लावून खिशातला अहवाल वाचत होते.

"पहिली ओळ खरी निघाली. आता दुसरी." त्यांनी धर्माजीच्या धुळीने माखलेल्या पायांकडे शांतपणे पाहिलं. "कुठे पण धाडा बोलला ने तू? डोंगरावर धाडतो."

तेव्हापासून गवताचे भारे धर्माजी आणतो. कधी सकाळी गुडघा चोळत तो ओटीवर बसून राहिलाच, तर ठमाबाई आत जाते आणि खुंटीवरची लाल झूल घेऊन येते.