न पेरिलेल्या फुलाची बखर

श्रीशिवेवरली आई समर्थ. जिला मळ्यातले फूल चालत नाही, माळ्याचा हात लागलेले चालत नाही, तिचे पायी डोई ठेवून लिहिले ऐसे जे: शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, फाल्गुन मास. राज्य कोणते ते पुसू नये. ज्याचे दारी गवत उगवते त्याचेच समजावे. त्या राज्यात चाल ऐसी की, वर्ष सरता राजघराण्यातील थोरल्या बाईने वसंताचे पहिले फूल शिवेवरल्या आईस वाहावे, आणि ते कोटाचे आतच उमललेले असावे, कोणी पेरिले नसावे, कोणी शिंपिले नसावे, आपल्या हिमतीने आले असावे. ते वाहिल्यावाचून गुढी उभारू नये, लग्नाचा मांडव घालू नये. आणि जी बाई अवसेचे सूर्यास्तापर्यंत फूल चुकवील तिचा मान जावेचे घरी जावा, तो माघारी येऊ नये. ते समयी मान दर्याबाईसाहेबांकडे होता, आणि सासूने देह ठेविला तेव्हापासून त्यांणी एक साल चुकविले नव्हते. धाकटी जाऊ गुणवंताबाई तोंडाने मोठी गोड, परंतु मानाचा शालू तिने केव्हाच विणवून पेटीत घातला होता.

मग राजे मोहिमेवर गेले आणि शिक्का कारभारी धोंडोपंतांचे हाती आला. पंत हुशार, परंतु हुशारीस काम न मिळाले तर ती घरचीच भांडी फोडिते. त्यांणी मनात आणिले की, वसंत म्हणजे ऋतूंचा राजा, तो येणार आणि शहर ऐसे गबाळे, हे शोभत नाही. मग हुकूम सोडिला की तण दिसेल तेथे उपटावे, आणि ज्याचे दारी तण सापडेल त्याने खुरपे घेऊन भर बाजारी उकिडवे बसावे आणि रस्ता खरवडावा, मग तो कोणी का असेना. लोकांनी धोतरा उपटिला, आघाडा उपटिला, एकदांडी उपटिली, रुई मुळासकट जाळिली, आणि शहर भादरलेल्या डोईसारखे लख्ख जाहले, आणि जागोजाग गुलाबाच्या कुंड्या मांडिल्या. मग फाल्गुन सरत आला आणि पाहतात तो चहूंकडे फूलच फूल, परंतु आईस चालेल ऐसे एक नाही. पंतांस घाम सुटला. मग त्यांणी रानातून तणाचे बी आणविले, वाफे करविले, पखालीने पाणी घातले आणि राखणीस भालदार उभे केले. दर्याबाईसाहेब ती बाग पाहून बोलिल्या, "पंत, हे तण की जावई? पेरिले ते पीक. आईस का फसविता, ती काय तुमचे कचेरीत बसते?"

मग अवसेची सकाळ उजाडली आणि गुणवंताबाई समाचारास आल्या. म्हणाल्या की, थोरल्या बाई, आता वय जाहले, उन्हात वणवण कशास? बाईसाहेब म्हणाल्या, "वय माझे जाहले, आणि डोळे तुमचे लागले." आणि पालखी परत धाडिली, कारण पालखीतून तण दिसत नाही, आणि पायी निघाल्या. मोऱ्या पाहिल्या, पागेमागचा उकिरडा पाहिला, तोफांचे गाडे हलवून पाहिले, काही नाही. बरोबरच्या बायका म्हणू लागल्या की एक साल गुलाब वाहावा, देवी काही रागावत नाही. बाईसाहेबांनी ऐकिले आणि पाऊल अधिक उचलिले. दिवस कलता पंतांचे दारी आल्या. तेथे पायरीवर एक डालगे पालथे, त्यावर दगड, आणि शेजारी पंतांची बायको चिमाबाई तांदूळ निवडीत बसलेली.

बाईसाहेबांनी पुसिले की डालग्याखाली काय. चिमाबाई खाली पाहून म्हणाली, "खुडुक कोंबडी बसविली आहे, बाईसाहेब. उजेड लागू देऊ नये."

"पंतांचे घरी कोंबडी? जेथे कांदा चिरिला तर चूल सारवितात?" ऐसे म्हणून बाईसाहेबांनी पायाने दगड लोटिला आणि डालगे उचलिले. पायरीचे फटीत भुईसपाट रिंगणी, पानोपानी काटे, आणि मध्ये एकच जांभळे फूल, पोटात पिवळे. चिमाबाई रडू लागली. म्हणे, "उपटू गेले तर काटा भरला. मग कळी दिसली आणि हात होईना. सांगावे तर आमचे माणूस आपल्याच हुकुमाने बाजारात उकिडवे बसणार."

बाईसाहेब तिचेपुढे खाली बसल्या. आवाज उतरला. "पोरी, खरे सांग. पाणी घातलेस?"

"पाणी कोठले, बाईसाहेब. रोज शिव्या घालीत होते."

"मग आईस चालेल."

आणि पदर न धरिता उघड्या हाताने फूल खुडिले. बोटास रक्त आले, ते पुसिले नाही. इतक्यात पंत कचेरीतून आले आणि पायरी पाहून पांढरे जाहले, आणि म्हणाले की हुकूम आताच रद्द करितो. बाईसाहेब म्हणाल्या, "अवश्य करा, पंत. आधी बसा, मग रद्द करा."

मग पंत खुरपे घेऊन बाजारात बसले, आणि उपटावयास एक काडी नाही म्हणोन नुसती माती खरवडीत राहिले. आणि बाईसाहेबांनी सूर्य बुडावयाचे आत फूल आईचे पायी ठेविले. येताना जावेस निरोप धाडिला की, शालूस पेटीत कसर लागेल, तो चिमाबाईचे ओटीत घालावा. दुसरे दिवशी घरोघर गुढी उभी राहिली.

याप्रमाणे वर्ष पालटले. पायरीवरील रिंगणी कोणी उपटिली नाही; पंत येता-जाता धोतर सावरून तिला वळसा घालीत. लिहिणाराचे अक्षर वाकडे आहे, हकिकत सरळ आहे.