शोधातून वगळलेलं घर

बांधकाम खात्याच्या मायबापांनो, एका रंगाऱ्याचं राहतं घर तुम्ही दिवसाढवळ्या गिळलंत, आणि वर ढेकर देऊन म्हणालात, 'शोधात आलं नाही.'

झालं ते असं. खात्यात एक कॉम्प्युटर होता. त्याला बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली होती, दगाफटका झालाच तर हाताशी असावी म्हणून. त्यामुळे कुणाच्याही घराचा परवाना शोधला की तो दोनदा दिसे. एकदा मूळ, एकदा बॅकअपमधला. शहाण्या माणसाने यातून 'प्रत जपलेली आहे' एवढाच अर्थ काढला असता. खात्याने 'एका जागेवर दोन घरं' असा काढला, आणि दुसरं बेकायदा घर पाडा म्हणून गावभर नोटिसा धाडल्या. दुसरं घर लोकांनी पाडायला आणावं कुठून? बोंबाबोंब झाली. तेव्हा साहेबांनी आदेश काढला : बॅकअप डिस्क शोधातून वगळण्यात यावी. पुन्हा कुणी फाटे फोडू नयेत म्हणून खाली जोडलं : जे शोधात येईल तेच अस्तित्वात आहे, असे समजण्यात यावे.

सगळं सुरळीत झालं. मग मूळ डिस्कने मान टाकली. नवी बसवली, कोरी करकरीत. शोध चाले झकास, सापडे काहीच नाही. म्हणजे गावात एकही घर कायदेशीर उरलं नाही. खात्याने घिसाडघाई केली नाही. पाडायला सुरुवात कोपऱ्यापासून करायची ठरवली. कोपऱ्यावर रंगाऱ्याचं घर होतं.

रंगारी सासूबाईंना घेऊन खात्यात आला. त्याला भांडता येत नसे, आणि त्यांना त्याशिवाय करमत नसे.

ऑपरेटरने रंगाऱ्याचं नाव टाकलं, बटण दाबलं. "काही नाही काका."

"अहो, त्या डिस्कमध्ये बघा की." डिस्क टेबलावरच होती. तिचा दिवा लुकलुकत होता.

"त्यात आहे ना! परवाच पाहिला तुमचा परवाना. नकाशात जिन्याखालचं कपाटसुद्धा दाखवलंय."

"मग द्या छापून!"

"आहे हो, पण शोधात येत नाही."

"मेल्या, शोधतोस कशाला?" सासूबाई कडाडल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं. तू तर कळसा काखेत धरून पाणी नाही म्हणतोस!"

"मावशी, हाताने उघडणं म्हणजे शोध नव्हे. माझी नोकरी जाईल."

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब भले होते. "काका, तुमच्या जागी मी असतो तर मीही रडलो असतो. आदेश मागे घेऊ, त्यात काय! फक्त मागे घ्यायला मूळ आदेश समोर लागेल."

ऑपरेटरने आदेश शोधला. आला नाही. तो बॅकअपमध्ये होता.

"म्हणजे आदेशच नाही!" रंगाऱ्याचा चेहरा उजळला. "मग वगळणंही नाही!"

"आदेशच नसेल तर मागे काय घेऊ?" साहेब कळवळून म्हणाले. "न काढलेला आदेश रद्द केला म्हणून चौकशी माझीच लागेल."

"आणि तुम्ही साहेब आहात, ते तरी येतं का शोधात?" सासूबाईंनी विचारलं.

ऑपरेटरच्या हाताला सवय, त्याने शोधलं. नाही आलं. साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "मला शोधायची गरज नाही. मी समोर बसलोय."

"माझं घरही समोर उभंय, साहेब," रंगारी म्हणाला.

"ते दुपारपर्यंत," साहेब म्हणाले.

रंगाऱ्याने मागे आपापल्या कामासाठी उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्यांच्या भिंती त्याने रंगवल्या होत्या. "तुम्ही तरी सांगा. माझं घर आहे की नाही?"

कुणी मोबाइल काढला, कुणी पंखा पाहिला. एकजण हळूच म्हणाला, "आहे हो, सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्ही बोललो तर आमचं काम अडेल."

दुपारी घर पाडायचं यंत्र आलं. सासूबाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यापलीकडे ठेवलं. रंगारी खिडक्यांची तावदानं काढत राहिला, निघाली तेवढी. संध्याकाळी साहेब जातीने पाहणीला आले आणि त्यांनी शेरा मारला : जागेवर घर आढळले नाही, सबब शोध अचूक ठरला. बघायला जमलेल्या त्याच रांगेने अचूकतेबद्दल टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांनो, यंत्र अजून त्याच गल्लीत उभं आहे आणि पुढचं घर तुमचं आहे. रंगाऱ्याने विचारलं तेव्हा 'आहे' एवढा एक शब्द मोठ्याने म्हणायला तुमचं काय जात होतं? खात्याकडे बघू नका. तुम्हालाच विचारलंय. उत्तर द्या.