बिनकाजळीची दारू

दारूवरून आर्डिथ आणि तिचा नवरा वेंडेल यांचं वाजलं ते एका टॉवेलामुळे. दारू म्हणजे बंदुकीची हं. पिण्याच्या दारूवरून नेब्रास्कातल्या त्या घरात कधी शब्द झाला नव्हता. वेंडेलचा नाद जुना. पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायच्या, तळघरात बसून त्यांत नव्याने दारू भरायची आणि शनिवारी नेमबाजीच्या क्लबात ती काडतुसं उडवायची. घरी यायचा तो कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा. त्या शनिवारी त्याने पाहुण्यांच्या पांढऱ्या टॉवेलावर दोन्ही पंजे उमटवले. आर्डिथच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळभर चालू होता आणि हा पिस्तूल पुसत होता.

पण या वेळी त्याला लागलं. लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला. बायकोला न सांगता स्वच्छ जळणारी दारू शोधायची, असं त्याने ठरवलं. क्लबात विचारलं, तर जितकी डोकी तितकी मतं. एक म्हणे ही घे, काजळी धरत नाही. दुसरा म्हणे, धरत नाही आणि नेमही लागत नाही. दुकानदार क्लेटनने शपथेवर एक डबा दिला आणि पुढच्या शनिवारी तितक्याच शपथेवर दुसरा. अखेर एक दारू जमली, ना काजळी ना वास. वेंडेल बाही पांढरीशुभ्र ठेवून घरी आला, पिस्तूल एका फडक्यात पुसलं आणि आर्डिथच्या कधी लक्षात येतंय याची वाट बघत बसला.

आलं ना लक्षात! शर्ट धुवायला टाकताना तिने हुंगला. वास नाही. त्याचे हात पाहिले, लख्ख. म्हणजे हा क्लबात गेलाच नव्हता. दुसरी कोणी असती तर तिला बाईचा संशय आला असता. पण आर्डिथ वेंडेलला पुरती ओळखून होती, ती शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. तिला आठवला शेजारच्या लोइसचा नवरा. मासे पकडायला जातो म्हणून सांगायचा आणि जायचा हृदयाच्या डॉक्टरकडे. गेला बिचारा. हाही तसाच चोरून डॉक्टरकडे जात असणार, असं आर्डिथला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वेंडेलचं बेकन बंद झालं, लोणी गेलं, ग्रेव्ही अळणी झाली. चिखलाचे बूट घालून तो स्वयंपाकघरात आला तरी ती गोड हसायची आणि तोंड फिरवायची. वेंडेल हबकला. सगळ्या संसारात ही बाई चिखलाला कधी हसली नव्हती. हिला काहीतरी मोठं दुखणं जडलंय आणि ही लपवतेय, असं त्याने धरलं. मग तो भांडी घासू लागला, धुण्याची टोपली तिच्या हातून ओढून घेऊ लागला. तो आपणहून घरकाम करतोय हे पाहिल्यावर तर आर्डिथची खात्रीच पटली. याला डॉक्टरने मुदत दिली होती, दुसरं काय!

वाढदिवसाला दोघं अळणी कोंबडीपुढे बसली. कोणी काटा उचलेना.

"डॉक्टर काय म्हणाला?" शेवटी आर्डिथने विचारलं.

"हे तू मला विचारतेस? तुला काय झालंय ते आधी सांग."

"मला काय धाड भरलीय? तू शनिवारी कुठे जातोस ते बोल. शर्टाला वास नाही, हाताला काजळी नाही. मला काय कळत नाही?"

वेंडेल उठला, तळघरात गेला आणि दारूचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. काजळी धरत नाही, म्हणाला. तुझ्यासाठीच शोधली.

आर्डिथने एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून तिने जी सुरुवात केली! मनात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं: चिखल, बूट, त्याने घासलेली चिकट भांडी, तिची उडालेली झोप. वेंडेल हात जोडून ऐकत होता. त्याचा जीव भांड्यात पडला होता. बाई ठणठणीत होती.

बोलून दमल्यावर तिने डबा त्याच्याकडे सरकवला. "ही गुलाबांना घाल खत म्हणून, तुमचे क्लबातले उरलेली घालतात तशी. आणि क्लेटनकडून जुनीच आण."

"अगं, पण काजळी?"

"असू दे. शनिवारी खुशाल तोंड काळं कर," आर्डिथ म्हणाली. "फक्त तेच तोंड घेऊन घरी येत जा."