वीस वर्षांची कुंग आणि बावीस वर्षांची कुंग

माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, ही समजूत कधी कचेरीची पायरी न चढलेल्यांची आहे. मी हाँगकाँगमधल्या एका परदेशी वकिलातीत (देशाचे नाव सांगायला मनाई आहे, पगार मात्र तोच देतो) चौदा वर्षे दुभाषा आहे. एका वेळी दोन ठिकाणी असलेल्या माणसांना मी रोज खुर्ची देतो.

पद्धत सोपी आहे. मुख्य भूमीवरून आलेल्याला इथे वाटेत थांबायचा परवाना चौदा दिवसांचा. पुढच्या देशाचा व्हिसा मिळणार असे दाखवले की तो वाढतो. व्हिसा मिळतो तो परवाना चालू असल्याचे दाखवले की. दारात 'आधी आपण' म्हणत उभ्या राहिलेल्या दोन सभ्य गृहस्थांसारखे हे दोन कागद. मुलीला बापाकडे जायचे तर वय एकवीसच्या आत हवे, आणि बोटीवर चढायला दोन्ही कागद एकाच मुलीचे हवेत.

कुंग सिउ-हाने बापाला शेवटचे पाहिले ते चौथ्या वर्षी. तिच्या परवान्याचा अर्ज आत्याने भरला आणि वय लिहिले बावीस. खोटे काही नाही. आम्हा चिनी लोकांत मूल जन्मतःच एक वर्षाचे असते आणि नववर्षाला सगळेच एकदम एकेका वर्षाने वाढतात. सिउ-हा नववर्षाच्या तीन दिवस आधी जन्मली, त्यामुळे चौथ्या दिवशीच तिला दुसरे वर्ष लागले. बाप आमच्या वकिलातीच्या देशात राहून तिकडची मोजणी शिकलेला. त्याने व्हिसाच्या अर्जात वीस लिहिले.

मी म्हटले, एक आकडा दुरुस्त करून घेऊ. साहेबांनी प्रेमाने समजावले की दुरुस्ती सुचवणे म्हणजे परवाने देणाऱ्या समोरच्या कचेरीची चूक काढणे, आणि त्याने स्नेहसंबंध बिघडतात. दोन्ही कचेऱ्यांत सतरा पत्रे झाली. सतराव्यात तोडगा निघाला: दोन्ही नोंदी बरोबर आहेत, अर्थात मुली दोन आहेत.

वीस वर्षांचीला व्हिसा मंजूर झाला. तिच्या नावे परवाना नाही, म्हणजे ती हाँगकाँगात नाही, म्हणजे रवाना झाली, अशी नोंद झाली. बावीस वर्षांची इथे आहे, पण तिचे वय उलटलेले. मुलगी एक, निकाली प्रकरणे दोन. साहेबांना बढती मिळाली (रास्तच होती).

आत्या सिउ-हाला घेऊन आली, बसली, पंख्याने वारा घेत म्हणाली, "फू मास्तर, ती बावीसची तुमच्याकडेच ठेवा, चहा बरा करते. माझी वीसची तेवढी परत द्या."

"ती गेली," मी म्हटले.

"मग बापाला भेटली कशी नाही? म्हातारा तीन बोटींच्या वेळी धक्क्यावर उभा राहिला."

सिउ-हा हळूच म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात त्यांच्या मोजणीनेही मला एकवीस पूर्ण होतायत. त्याच्या आत काहीतरी करा ना."

मी नियम पाहिला. रवाना झालेल्या व्यक्तीने फेरविचारासाठी स्वतः हजर राहावे, असा आहे. हजर राहण्यासाठी परवान्याचा अर्ज करावा लागतो. मी तो दिला. वयाच्या रकान्यापाशी ती पेन धरून बसून राहिली. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा मी तो कोराच परत घेतला. महिना उलटला आणि प्रकरण आपोआप मिटले.

आपल्याला हसू आले असेल. पण आपल्या दाखल्यावर एक जन्मतारीख असेल आणि आईच्या सांगण्यात दुसरी. त्या दोघांपैकी हे कोण वाचते आहे, तेवढे चौदा दिवसांत लेखी कळवा. दुसऱ्याची रवानगी नोंदवून घेतो.