किनाऱ्यावर कोण उभं?

चालू आरती हात वर करून थांबवणारा आणि "पुन्हा, पहिल्यापासून!" असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सावे मास्तर.

मी तेव्हा घाटावरून पालघरच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला नुकताच आलो होतो. शाळेत गणपती बसला होता. आरती रंगात आली होती, म्हणजे पुढची रांग दुसऱ्या कडव्यात, मागची रांग पहिल्याच कडव्यात आणि टाळवाले त्यांच्या स्वतंत्र राज्यात. एवढ्यात समोरून एक काटकुळा, पांढऱ्या टोपीतला माणूस गणपतीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मुख्याध्यापकांच्या हातातलं तबक हवेतच थांबलं.

"श्वास कुणी घेतलाच नाही," तो माणूस म्हणाला. "आधी श्वास, मग सूर. देव काय पळून जातोय? पुन्हा, पहिल्यापासून!"

त्या दिवशी आरती तीनदा सुरू झाली आणि दोनदा कापूर विझला. तिसऱ्या वेळी मात्र सगळी शाळा एका तोंडाने गायली. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून तर विशेष.

मास्तरांना माणसं एकत्र काही करताना दिसली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. एकदा माकुणसारला एका विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न होतं. पहिल्या मंगलाष्टकाच्या शेवटी अक्षता इकडून थोड्या, तिकडून थोड्या अशा पडल्या. मास्तरांना ते सोसेना. दुसऱ्या मंगलाष्टकाला ते चक्क पाटावर चढले. 'सावधान' झालं, हात खाली आला आणि साऱ्या मांडवाच्या अक्षता एकाच क्षणी नवरानवरीवर बरसल्या. नवरी दचकली. भटजींच्या डोळ्यात तांदूळ गेले. मास्तर समाधानाने खाली उतरले आणि मला म्हणाले, "बघितलंत जगताप? गाणाऱ्याला गळा लागतो. गाऊन घेणाऱ्याला फक्त माणसं लागतात."

हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. त्यांचा सगळा जीव त्या वाक्यात होता.

कारण त्यांनी एक उद्योग आरंभला होता. तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून समूहगीतं शिकवा, असा वरून हुकूम सुटला होता. हुकूम काढणाऱ्यांना एक गोष्ट सुचली नव्हती, ती ही की शिकवणाऱ्या गुरुजींना आधी कुणीतरी शिकवायला हवं. मास्तरांनी ती आपल्या अंगावर घेतली. दर रविवारी हायस्कूलच्या हॉलमध्ये ते गुरुजींचा वर्ग घ्यायचे. सफाळ्याहून, नवापूरहून, थेट डोंगरपट्टीतून गुरुजी आणि बाई यायच्या. कुणी सायकलवर, कुणी एस.टी.ने. भत्ता नाही, दाखला नाही. मास्तर एकेकाच्या शाळेत जाऊन इतके मागे लागायचे की न येण्यापेक्षा येणं सोपं पडायचं.

मीही त्या वर्गात होतो. उदाहरण म्हणून. "हे जगताप सर," मास्तर नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायचे, "यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण हाताकडे बघून हेसुद्धा बरोबर जागी सुरू होतात. मग तुम्हाला काय झालंय?" मी मान लववायचो.

शिकवायची त्यांची रीत वेगळी. ते स्वतः कधी गायचे नाहीत. पेटीवर चाल वाजवायचे, शब्द नुसते बोलून सांगायचे आणि मग उठून हात वर करायचे. आम्ही धरून चाललो होतो की बिचाऱ्यांना गळाच नाही. पहिले काही रविवार तर त्यांनी आम्हाला गाऊच दिलं नाही. फक्त श्वास घ्यायचा आणि हात खाली आला की सोडायचा. हॉलबाहेरून जाणाऱ्या लोकांना आत दम्याचं शिबिर आहे असं वाटायचं. मग प्रत्येकाने पुढे येऊन हात करायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताप्रमाणे गायचं. हात डगमगला की सगळा वर्ग डगमगायचा. "बघा," मास्तर म्हणायचे, "पोरं चुकत नाहीत. तुमचा हात चुकतो."

सगळ्यात मोठं आव्हान होतं नवापूरचे तामोरे गुरुजी. कोळीवाड्यातला माणूस, भरदार छाती, भरघोस मिशा आणि आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरायची. शिवाय ते नेहमी सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचे.

"गुरुजी, हळू. आणि हात खाली येईपर्यंत थांबा."

"मास्तर, आमच्याकडं वाऱ्यावर बोलायला लागतं," तामोरे म्हणायचे. "हलू बोललं का होडी पुढं जाते नि शबुद मागं रातो. नि थांबायचं तर आमच्या रक्तातच नाय!"

मास्तर चिडत नसत. नुसतं म्हणत, "पुन्हा, पहिल्यापासून." त्या काळात मी हे दोन शब्द इतके ऐकले की झोपेत कूस बदलतानाही मला ते ऐकू यायचे.

वर्गाचं पहिलं गाणं मास्तरांनी स्वतः रचलेलं होतं. सोपं होतं.

होडी सुटली खाडीतून,
वारा आला वाडीतून,
किनाऱ्यावर कोण उभं?

इथे मास्तरांचा हात वर जायचा आणि वरच राहायचा. एका ओळीएवढा वेळ पूर्ण शांतता. मग हात खाली यायचा आणि पुढची ओळ:

वल्हं मारा, वल्हं मारा, दर्या मोठा, वल्हं मारा!

हा थांबा कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर मास्तर म्हणायचे, "तिथं थांबायचं असतं." झालं. मग ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. एका बाईंच्या मते ती मौनाची मात्रा होती. मला वाटायचं, दम घ्यायला जागा ठेवली असावी. तामोरे गुरुजींचा अर्थ सगळ्यात सरळ होता. "किनाऱ्यावर कोन उभं, ते बघायला वेल नको?"

शिकणारे गुरुजी असले की एक होतं. ते शिकवणाऱ्याचं सगळं उचलतात. सूर उचलायला वेळ लागतो, पण सवयी पटकन उचलतात. वर्षभरात ते गाणं तालुक्यात पसरलं आणि गाण्याबरोबर तो थांबाही. बोईसरला तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामासाठी मुलखामुलखातली माणसं उतरली होती. त्यांची मराठी धड न येणारी पोरंसुद्धा 'कोण उभं?' म्हणून एक हात वर करून गप्प उभी राहायची. मिठागराच्या बांधावरून शाळेतून घरी जाणारी पोरं गाता गाता मध्येच थबकायची आणि मग पुन्हा चालू लागायची. कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

वाटलं ते दिपोटींना. आता खरं तर त्यांच्या हुद्द्याचं नाव बदललं होतं, पण शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला आमच्याकडे दिपोटीच म्हणत. आमच्या संस्थेने ठरवलं होतं की मास्तरांच्या वर्गाला खात्याची मान्यता मिळाली तर हॉल त्यांचा, नाही तर दिवाळीनंतर तिथे शिवणाचा वर्ग. मास्तरांनीच अर्ज केला आणि दिपोटी आले. ते गृहस्थ हुशार निघाले. आधी न सांगता दोन गावांच्या शाळा पाहून आले आणि मग रविवारी वर्गात येऊन बसले.

आम्ही जीव ओतून गायलो. दिपोटींनी चष्मा काढला.

"सावे मास्तर, गातात उत्तम. पण नवापूरला गाणं याच जागी बंद पडलं. सफाळ्यालाही याच जागी. इथेही तेच. अहो, किनाऱ्यावर कोण उभं आहे, ते सांगा तरी! सगळा तालुका प्रश्न विचारतोय आणि उत्तर कुणीच देत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. मास्तर हसले नाहीत.

"तिथं थांबायचं असतं," ते म्हणाले.

"का?"

मास्तर पेटीच्या पट्ट्या पुसू लागले.

"मग अपुरं गाणं शिकवणाऱ्या वर्गाची मी शिफारस कशी करू? एक तर ओळ घाला, नाही तर थांबा काढा. पुढच्या रविवारी येतो."

"थांबा निघायचा नाही," मास्तर म्हणाले आणि पेटीचा भाता बंद केला.

मला असा संताप आला म्हणता! एका ओळीपायी हा माणूस इतक्या मेहनतीवर पाणी सोडायला निघाला होता. ज्या शाळेत कुणी गाऊन घेत नाही तिथली पोरं एकेकटी राहतात, असं सांगत हा दारोदार फिरला आणि आता शिवणयंत्रांना जागा करून देतोय! शनिवारी शाळा सुटल्यावर मी आगगाडीने सफाळ्याला उतरून एस.टी. धरली आणि एडवणला मास्तरांच्या घरी गेलो. चांगलं खडसावायचं ठरवूनच गेलो. घरी ते एकटेच असतात, बायको वारली आहे, एवढंच मला माहीत होतं.

घराच्या पुढे नारळीची वाडी. शेजारच्या घरातली एक म्हातारी कुंपणापाशी कोयत्याने झावळ्या सोलत बसली होती. मला बघून तिने ओठावर बोट ठेवलं.

"गुरुजी ना तुमी? बसा. पन आता मधे बोलू नका. त्याचं गानं चाललाय."

मास्तर पाठमोरे रोपांना पाणी घालत होते आणि गात होते. होय, गात होते. भरड, मोकळा, सुरेल आवाज. मी चाटच पडलो. होडी सुटली, वारा आला, आणि 'किनाऱ्यावर कोण उभं?' म्हणून ते थांबले. कळशी खाली ठेवली. हात वर केला. तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होतं. खिडकी बंद होती. ओळीएवढा वेळ गेला, हात खाली आला आणि मास्तर कळशी उचलून 'वल्हं मारा' म्हणत पुढच्या आळ्याकडे वळले.

"याची बायको यमुना आतून बोलायची ना ती गान्याची वल," म्हातारी हळूच म्हणाली. "भाकऱ्या थापता थापता. 'मीच उभी, मीच उभी!' बांगड्या वाजायच्या, आमाला हितं आयकू यायचं. दोगांनीच केलेलं गानं हाय ते. ती गेली तरी याचं थांबायचं काय सुटत नाय."

माझं खडसावणं कुठल्या कुठे गेलं. पण मीही चिवट. मास्तर ओटीवर आले, हात पुसत माझ्याकडे बघून समजायचं ते समजले.

"जगताप," ते म्हणाले, "ती ओळ माझी नाही. दुसऱ्याची ओळ मी शिकवायची कशी? आणि काढून कशी टाकायची?"

मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. तरी मी म्हणालो, "मास्तर, दुसऱ्या कुणी असं एकट्यानं, बाकीच्यांना बाहेर ठेवून गायलेलं तुम्हाला चाललं असतं का?"

मास्तर उठून आत गेले, केळ्यांची एक फणी आणून माझ्या हातात ठेवली आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून सांगितलं. मी निघालो.

रविवारी हॉल गच्च भरला होता. दिपोटी पुढच्या खुर्चीवर. मास्तर आले, पेटीपाशी बसले, पण भाता उघडला नाही. उभे राहिले.

"एक ओळ शिकवायची राहिली होती," ते म्हणाले. "ती आज घ्यायची. ऐका." आणि गायले. "मीच उभी, मीच उभी."

तामोरे गुरुजींनी वासलेलं तोंड बराच वेळ मिटलं नाही. ज्यांच्याकडून आम्ही वर्षभर गाणं शिकलो, त्यांचा गळा आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

मग आम्ही ती ओळ घोकली. धोतरातले, मिशीतले, टोपीतले सगळे गुरुजी 'मीच उभी, मीच उभी' म्हणू लागले. दिपोटी रुमालात हसत होते. तामोरे गुरुजींनी न राहवून विचारलं, "मास्तर, आमी गडीमानसं. 'मीच उभा' म्हनू का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "उभीच."

मान्यता मिळाली, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. शिवणाचा वर्ग व्हरांड्यात भरला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

मास्तरांनी हात वर केला. आम्ही श्वास घेतला. होडी सुटली, वारा आला. "किनाऱ्यावर कोण उभं?" आम्ही विचारलं आणि साऱ्या हॉलने एका तोंडाने उत्तर दिलं, "मीच उभी, मीच उभी!"

आता हात खाली यायला हवा होता. तो आला नाही. मास्तर तसेच हात वर करून, दाराच्या दिशेने बघत उभे राहिले. आमच्या चुका वर्षभर वेचणारा माणूस आपली जागा चुकला होता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात रिकामा नव्हता.

कुणी हललं नाही. दिपोटींनी मान खाली घातली. तामोरे गुरुजी, ज्यांच्या रक्तातच थांबणं नव्हतं, ते छाती भरून श्वास कोंडून उभे होते. त्या हाताकडे बघत आम्ही सगळे थांबलो. थांबायचं कसं, ते आम्हाला मास्तरांनीच शिकवलं होतं.

मग हात खाली आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून वल्हं मारलं.